गोड पानाचं गुऱ्हाळ कुठे आहे?

पावसाळ्याच्या तोंडावर नर्सरीत गेलं की तुळस, ओवा, गवती चहा यांच्या रांगेत हल्ली एक नाजूकसं रोप हमखास दिसतं. पाटीवर लिहिलेलं असतं, ‘गोड तुळस, शुगर फ्री’. नर्सरीवाला एक पान खुडून आपल्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, “चावून बघा.” आधी नुसतीच हिरवट चव येते. दोन-तीन सेकंदांनी गोडी उगवते, आणि मग ती जाता जात नाही. शेवटी ज्येष्ठमध चघळल्यासारखी कडसर छटा जिभेवर रेंगाळते.

हे रोप म्हणजे स्टेव्हिया. गेल्या वर्षभरात मला तिघांनी याबद्दल विचारलं. आत्याला मधुमेह आहे. चहात याची गोळी टाकली तर चालेल का, हा तिचा प्रश्न. एका मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर निरोप आला होता की स्टेव्हियानं हार्ट अटॅक येतो. आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात पाच एकर ऊस असलेल्या माझ्या मावसभावाला एक माणूस भेटला होता, “ऊस मोडा, स्टेव्हिया लावा, पान आम्हीच नेतो” म्हणणारा.

प्रश्न तीन, पण गोंधळ एकच होता. झाडाचं पान आणि पाकिटातली पांढरी पूड ही एकच वस्तू आहे, असं तिघंही धरून चालले होते. या दोहोंच्या मध्ये एक अख्खा कारखाना उभा आहे. तो नीट दिसला की बाकीची बरीचशी उत्तरं आपोआप मिळतात.

## तुळस नव्हे, झेंडूची बहीण

‘गोड तुळस’ हे नाव विक्रीपुरतं ठीक आहे, पण तुळशीशी याचं नातं नाही. स्टेव्हिया सूर्यफुलाच्या कुळातली. म्हणजे झेंडू, शेवंती, करडई ही तिची भावंडं. बांधावरची एकदांडीसुद्धा त्यातलीच आणि नको असलेलं गाजर गवतही. या कुळाची खूण अशी की ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर पुष्कळ फुलांचा गुच्छ असतो. झेंडूच्या एका ‘फुलात’ ती दाटीवाटीनं बसलेली असतात, स्टेव्हियाच्या इवल्याशा पांढऱ्या गुच्छात मोजून पाच. बी म्हणजे बारीक काडी आणि तिला केसांचा झुपका. लहानपणी आपण हवेत पकडायचो त्या ‘म्हातारी’ची धाकटी आवृत्तीच. हजार बिया एकत्र केल्या तरी वजन एक ग्रॅमच्या आतच भरतं.

मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वे आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या आमाम्बाय डोंगराळ पट्ट्यात. तिथले ग्वारानी लोक हे पान पिढ्यान्‌पिढ्या येर्बा माते नावाच्या कडू पेयात घालत आले आहेत. त्यांच्या भाषेतलं नाव ‘का-आ हे-ए’, म्हणजे गोड वनस्पती. स्वित्झर्लंडहून पॅराग्वेत जाऊन राहिलेल्या मोईसेस बेर्तोनी या वनस्पतीतज्ज्ञानं १८९९ साली तिची शास्त्रीय नोंद केली. ‘स्टेव्हिया रेबॉडियाना’ या नावातला ‘रेबॉडियाना’ आला ओविदियो रेबौदी या रसायनतज्ज्ञावरून आणि ‘स्टेव्हिया’ आला सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश वैद्यावरून. ज्यांनी पान शोधलं त्या ग्वारानींचं नाव मात्र नावात कुठेच नाही. आपल्या ज्ञानाचा वाटा आपल्याला मिळावा, अशी मागणी त्यांनी अलीकडच्या काळात केली आहे. हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घ्यायला आपल्याला किती झगडावं लागलं, हे आठवत असेल त्याला ही मागणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

## गोडी येते कुठून?

भिंतीवर एक खुंटी आहे आणि तिला पिशव्या टांगल्या आहेत असं समजा. खुंटीचं नाव स्टेव्हिऑल. प्रत्येक पिशवी म्हणजे ग्लुकोजचा एक कण. खुंटी अधिक पिशव्या अशा जोडणीला रसायनशास्त्रात ग्लायकोसाइड म्हणतात. हा शब्द पाकिटावर भेटेल म्हणून सांगितला. इथून पुढे खुंटी आणि पिशव्याच.

तीन पिशव्या टांगल्या की होतं स्टेव्हिओसाइड. पानात बहुधा हेच सर्वांत जास्त असतं. दोघा फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते १९३१ साली पानातून वेगळं काढलं. चार पिशव्या झाल्या की ‘रेब-ए’ (रेबॉडियोसाइड-ए), पाचला ‘रेब-डी’, सहाला ‘रेब-एम’. ढोबळ नियम असा की पिशव्या वाढल्या की चव साखरेच्या जवळ जाते आणि तो मागचा कडसरपणा कमी होतो. कडसरपणा येतो कारण हा रेणू जिभेवरचं गोडाचं कुलूप तर उघडतोच, पण जाता जाता कडूच्या एक-दोन कुलपांतही किल्ली फिरवून जातो. गोडाच्या कुलपाला मात्र तो असा काही चिकटतो की साखरेच्या २०० ते ३०० पट गोड लागतो.

झाडाला एवढा खटाटोप कशाला, हे कोडं मला फार आवडतं. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार घड लांबवायला आणि मणी फुगवायला ‘जीए’ मारतो, म्हणजे जिबरेलिक ॲसिड. तो एक वाढीचा संप्रेरक आहे आणि तो झाडं स्वतःही बनवतात. स्टेव्हियाच्या पानात जीए बनवण्याच्याच रस्त्यावर मध्येच एक फाटा फुटतो आणि त्या फाट्यावर ही खुंटी तयार होते. द्राक्षाचा मणी फुगवणारा आणि चहा गोड करणारा पदार्थ, दोघांचं माहेर एकच.

## आत्याचा प्रश्न: रक्तातली साखर वाढते का?

पिशव्या ग्लुकोजच्याच आहेत, मग साखर का वाढत नाही? कारण खुंटीवरून पिशव्या उतरवायची हातोटी आपल्या जठराला किंवा लहान आतड्याला नाही. रेणू तसाच मोठ्या आतड्यापर्यंत जातो. तिथले जिवाणू पिशव्या सोडवतात आणि ग्लुकोज स्वतःच फस्त करतात. उरलेली रिकामी खुंटी रक्तात शिरते, यकृत तिला बांधून-बुंधून लघवीवाटे बाहेर काढतं. म्हणून उष्मांक जवळजवळ शून्य. तोंडातल्या ज्या जिवाणूंमुळे दात किडतात त्यांनाही यावर जगता येत नाही.

तेव्हा आत्याला उत्तर दिलं: साखरेऐवजी चालेल. पण “यानं शुगर उतरते” असं कुणी सांगितलं तर तिथून निघायचं. मधुमेह असलेल्या लोकांना रोज १,००० मिलीग्रॅम रेब-ए सलग १६ आठवडे देऊन पाहिलं गेलंय. त्यांची साखर त्यानं वाढली नाही, तशी उतरलीही नाही. गोळी साखरेच्या जागी घ्यायची असते, औषधाच्या जागी नाही. आत्याचा पुढचा प्रश्न होता, “मग चहाबरोबर दोन मारी जास्त चालतील ना?” याचं उत्तर स्टेव्हियाकडे नाही.

## “पण हे नैसर्गिक आहे ना?”

इथे कारखाना मध्ये येतो. वाळलेलं पान गरम पाण्यात भिजवतात. त्या गढूळ हिरव्या-तपकिरी काढ्यातला गाळ बसवतात. निवळलेलं पाणी एका विशिष्ट राळेच्या मण्यांमधून सोडतात, गोड रेणू त्या मण्यांना धरून राहतात. मग अल्कोहोलनं ते सोडवून घेतात, पुन्हा शुद्ध करतात, स्फटिक पाडतात. शेवटी जी पांढरी पूड हाती येते ती किमान ९५ टक्के शुद्ध असावी लागते. ‘नैसर्गिक’ म्हणायचं तर उसापासूनची पांढरी साखरही तितकीच नैसर्गिक आहे. तीही झाडातूनच येते, आणि वाटेत तिलाही चुना-गंधकाची संगत घडते.

सरकारी मंजुऱ्याही याच पुडीला आहेत. अमेरिकेनं १९९१ मध्ये स्टेव्हियाची आयात अडवली होती. २००८ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं शुद्ध केलेल्या रेब-एला हरकत नसल्याचं कळवलं, पण पान आणि कच्चा अर्क गोडी आणण्यासाठी वापरायला मान्यता दिली नाही. युरोपनं २०११ अखेरीस दार उघडलं. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये काही ठरावीक पदार्थांत ही पूड वापरायला परवानगी दिली. जपानी लोक या सगळ्यांच्या पुढे. सायक्लामेटसारख्या कृत्रिम गोडव्यांवर गदा आली तशी त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्टेव्हिया वापरायला घेतली.

मग कुंडीतलं पान चहात टाकायचं की नाही? घरचं एखाद-दुसरं पान कुणी टाकलं तर मी हात धरणार नाही. ग्वारानींनी तेच केलं. फक्त एवढं लक्षात असू द्या की तपासण्या झाल्या त्या शुद्ध पुडीच्या. पानात खुंट्या-पिशव्यांखेरीज बाकीही पुष्कळ काही असतं.

## पाकिटात नक्की काय आहे?

दोन चमचे साखर, म्हणजे साधारण १० ग्रॅम. तेवढी गोडी आणायला २०० पट गोड पूड किती लागेल? ५० मिलीग्रॅम. चिमटीतही धरता येणार नाही इतकी. म्हणून एक ग्रॅमच्या पाकिटात ही पूड नावालाच असते आणि बाकीचे ९५० मिलीग्रॅम असतो भराव. हा भराव कशाचा आहे, हा खरा प्रश्न. डेक्स्ट्रोज असेल तर ते सरळ ग्लुकोजच. माल्टोडेक्स्ट्रिनही रक्तात साखरेसारखंच वागतं. एका पाकिटात ते थोडंसं असतं हे खरं, पण दिवसाला आठ-दहा पाकिटं फोडणाऱ्यानं त्याची मोजदाद ठेवावी. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत आकडे असतात. ९६० म्हणजे स्टेव्हियाचे ग्लायकोसाइड, ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल. पुढच्या बाजूला हिरवं पान छापलेलं असेल तरी मागचा आकडा वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मी चष्मा घालून वाचतो.

## मैत्रिणीचा प्रश्न: हार्ट अटॅकचं काय?

तो ९६८ वाला एरिथ्रिटॉल हेच त्या निरोपाचं मूळ. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त दिसलं. अमेरिकेत स्टेव्हियाच्या पाकिटांत भराव म्हणून पुष्कळदा हेच असतं. बातमी फिरत फिरत आपल्याकडे पोचेपर्यंत भराव गळून पडला आणि स्टेव्हियाचं नाव उरलं. एरिथ्रिटॉलबद्दल सावध राहावं इतपत तो अभ्यास गंभीर आहे. स्टेव्हियाबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

दुसरी बातमी त्याच वर्षी मे महिन्यातली. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेला पर्याय असलेले गोडवे वापरू नका. यादीत स्टेव्हियाही होती. लोकांनी अर्थ काढला, “विष आहे.” संघटनेचं म्हणणं वेगळं होतं: लांब पल्ल्यात यांनी वजन कमी होतं असा पुरावा सापडत नाही. काही अभ्यासांत गोडवे खाणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले, पण रस्त्यावर छत्र्या दिसल्या म्हणजे छत्र्यांनी पाऊस पाडला असं होत नाही. ज्यांचं वजन आधीच वाढलंय तेच गोळ्यांकडे वळतात. हे ओळखूनच संघटनेनं आपल्या शिफारशीला ‘सशर्त’ म्हटलं. शिवाय ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, हेही तिथेच लिहिलं होतं. आपल्या देशात अशी माणसं दहा कोटींच्या घरात आहेत, आणि नेमकं तेवढंच वाक्य निरोपातून गळालं.

## “मूल होत नाही म्हणे”

हाही जुना आक्षेप. १९६८ साली उंदरांवरच्या एका प्रयोगातून, या वनस्पतीच्या काढ्यानं गर्भधारणा रोखली जाते असा निष्कर्ष निघाला होता. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा तसं आढळलं नाही. १९८५ मध्ये प्रयोगशाळेतल्या जिवाणूंवर रिकाम्या खुंटीचा परिणाम पाहिला आणि जनुकांत बदल घडतात की काय अशी शंका आली. नंतरच्या तपासण्यांमध्ये प्राण्यांत किंवा माणसांत तो धोका दिसला नाही. या सगळ्याचा ताळेबंद मांडून अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २००८ मध्ये मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मिलीग्रॅम.

हे ४ मिलीग्रॅम पिशव्यांसकटचे नाहीत, नुसत्या खुंटीचे आहेत. रेब-एच्या वजनात खुंटीचा वाटा साधारण एक तृतीयांश. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७०० मिलीग्रॅमच्या वर रेब-ए चालतं. गोडीत मोजलं तर पंचवीस-तीस चमचे साखर झाली. इतका गोड चहा आमच्या आत्यालाही झेपणार नाही.

## पुरणपोळीत घालता येईल का?

नाही. चहा, सरबत, खीर ठीक, कारण उष्णतेनं आणि आंबटपणानं हा रेणू सहजी मोडत नाही. पण साखर-गूळ आपल्या स्वयंपाकात नुसती गोडी देत नाहीत. पाकाची तार, चिक्कीचा कडकपणा, पुरणाला येणारा चिकटपणा, तळताना येणारा लालसर रंग ही सगळी त्यांचीच कामं. ५० मिलीग्रॅम पूड यांतलं काहीच करू शकत नाही. स्टेव्हियाचे तिळाचे लाडू एकदा करून पाहिले. वळलेच नाहीत, वाटीतून चमच्यानं खाल्ले.

## आता शेतात या

मावसभावाचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण तिथे चूक झाली तर जीभ नव्हे, सात-बारा कडू होतो.

पहिली अडचण पंचांगाची आहे. शेवंती दसरा-दिवाळीच्या सुमारास का फुलते? कारण दिवस लहान होतात, रात्र मोठी होते आणि झाड ती रात्र मोजतं. स्टेव्हियाही तशीच. दिवस साधारण १३ तासांच्या खाली आला की तिला फुलं धरायची घाई होते. फुलांवर आली की पानांची वाढ थांबते, आणि असलेल्या पानातली गोडीही उतरायला लागते. चीन आज या पिकात सगळ्यांच्या पुढे आहे. तिथल्या गान्सूसारख्या उत्तरेकडच्या प्रांतात जूनमधला दिवस साडेचौदा तासांच्या वर जातो. झाडाला महिनोन्‌महिने नुसती पानंच काढायची मुभा मिळते. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस कसाबसा सव्वातेरा तासांचा. म्हणजे आपल्याकडे हे रोप जवळजवळ वर्षभर फुलाच्या उंबरठ्यावर उभं असतं. इलाज एकच: शेंडे खुडत राहायचं आणि कळी दिसायला लागली की कापणी. पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी, पुढे खोडव्यासारखे फुटवे येतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कापणी. एकदा लावलेलं पीक तीन ते पाच वर्षं राहतं. कळी उघडल्यावर आठवडाभर मजूर मिळाले नाहीत तर काय होतं, हे भाजीपाला करणाऱ्याला सांगायला नको.

दुसरी अडचण जमिनीची. स्टेव्हियाला ओल सतत हवी, पण पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. मुळं कुजतात, झाड उभं मरतं. हलकी-मध्यम, निचऱ्याची जमीन, गादीवाफा आणि ठिबक असेल तर जमतं. कृष्णाकाठची काळी जमीन, त्यातही जादा पाण्यानं चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट होऊन निचरा हरवलेली, तर या पिकासाठी नकोच.

तिसरी, रोपांची. हे झाड स्वतःच्या परागानं बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. त्यामुळे बियांतून आलेलं प्रत्येक रोप वेगळं, एक गोड तर शेजारचं फिकं. शिवाय बी उगवतंही कमी. म्हणून छाटकलमं नाहीतर उतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं घ्यावी लागतात. दीड फूट बाय एक फुटावर लावलं तर एकरात एकोणतीस हजार रोपं बसतात. रोपाला पाच रुपये धरले तरी जवळपास दीड लाख. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कापणीनंतर पान एक-दोन दिवसांत वाळायला हवं. पावसाळ्यात ढीग तसाच राहिला की काळा पडतो, आणि काळ्या पानाला गिऱ्हाईक नाही.

## कागदावरचा हिशेब आणि खरा हिशेब

आता तो हिशेब करू, जो दाखवून शेतकऱ्याला भुलवतात. ऊस एकरी ४० टन, उतारा (उसाच्या वजनातून निघणारी साखर) ११ टक्के, म्हणजे साखर ४.४ टन. स्टेव्हियाचं वाळलेलं पान वर्षाला एकरी एक टन धरू. पानाचाही ‘उतारा’ असतो, तो १० टक्के धरू, म्हणजे १०० किलो पूड. २०० पट गोड, म्हणजे २० टन साखरेइतकी गोडी. उसाच्या साडेचारपट! तेही कितीतरी कमी पाण्यात.

हिशेब खोटा नाही. पण त्यातच सापळा आहे. एका एकरात २० टन साखरेची गोडी निघत असेल तर दहा हजार एकरांत दोन लाख टनांची निघेल. लोक मात्र साखर सोडून एवढ्या वेगानं पुडीकडे वळत नाहीत. एखाद्या तालुक्यातल्या दोन-चार गावांनी ठरवलं तरी पानाचा भाव पडू शकतो. माल जितका तीव्र, तितकी त्याला जमीन कमी लागते. मिरचीच्या गावात सगळ्यांनी मिरची लावली तर निदान दुसऱ्या गावाला विकता येते. स्टेव्हियाचं पान विकायचं कुणाला?

उसाला कारखान्यानं नाकारलं तर गुऱ्हाळ आहे. चुलवण पेटवा, काहील चढवा, गूळ पाडा. भाव कमी येईल, पण माल घरात कुजणार नाही. वर उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, आणि कायद्यानं चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. (कायद्यानं. सांगलीकरांनी हसू नये.) स्टेव्हियाला ना हमीभाव, ना गुऱ्हाळ. राळेचे मणी आणि अल्कोहोलचं शुद्धीकरण शेताच्या बांधावर होत नाही. पालमपूरच्या सरकारी प्रयोगशाळेनं अर्क काढायच्या पद्धतीवर चांगलं काम केलंय, पण ते कारखान्यापर्यंत पोचलं तरच शेतकऱ्याच्या कामाचं. या पिकाबद्दल आपल्याकडे चर्चेचं गुऱ्हाळ तेवढं जोरात चालतं.

त्यात पानाला नवा प्रतिस्पर्धी आलाय. सहा पिशव्यांचं रेब-एम चवीला सर्वांत चांगलं, पण पानात ते अगदी लेशमात्र. म्हणून २०१९ मध्ये कारगिल आणि डीएसएम या कंपन्यांनी अमेरिकेत नेब्रास्का राज्यात कारखाना सुरू केला. तिथे पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या जातीत फेरफार करून, तिला साधी साखर खाऊ घालून मोठमोठ्या टाक्यांमध्ये रेब-एम बनवतात. म्हणजे ना शेत, ना पान, ना कळीची भीती. पाकिटावर नाव स्टेव्हियाच्याच गोडीचं.

## मग लावायचंच नाही?

असं नाही. मालाचा ठावठिकाणा आधी पक्का असेल, जमीन निचऱ्याची असेल आणि दहा-वीस गुंठ्यांपासून सुरुवात असेल तर प्रयोग करायला हरकत नाही. आयुर्वेदिक चहा, वाळलेल्या पानांची पाकिटं असा छोटा बाजार शहरांत आहे, पण तो छोटाच आहे. अडचण आहे ती ‘बायबॅक’च्या कागदाची. एमू पक्षी पाळायच्या योजना आठवा. २०१९ मधल्या कडकनाथ कोंबड्या आठवा. दोन्हीकडे माल परत घ्यायचं वचन होतं, आणि दोन्हीकडे खरा पैसा पिल्लं विकण्यात होता. इथे पिल्लांच्या जागी रोपं. एकरी दीड लाखाचा तो आकडा इथे उपयोगी पडतो: समोरच्या माणसाची कमाई लागवडीच्या दिवशीच होणार असेल, तर कापणीच्या दिवशी तो फोन कशाला उचलेल?

म्हणून मावसभावाला मी एवढंच सुचवलं की कागदावर सही करण्याआधी पाच गोष्टी विचार. पान वजनावर घेणार की उताऱ्यावर? उतारा मोजणार कोण? ओलावा किती चालेल? काळं पडलेलं पान परत पाठवणार का? आणि गेल्या वर्षी ज्यांचं पान नेलं अशा दोन शेतकऱ्यांचे पत्ते द्या. त्यानं पाचवाच प्रश्न आधी विचारला. “पाठवतो” म्हणून गेलेला तो माणूस पुन्हा आला नाही.

ऊस अजून उभा आहे. मावसभावानं हौस म्हणून परसात, न्हाणीच्या पाण्यापासून दूर, तीन रोपं मात्र लावली. ऑक्टोबरात त्याचा फोटो आला, शेंड्यांवर बारीक पांढरी फुलं. खाली लिहिलं होतं, “फुलं आली. आता पान काढायला उशीर झाला ना?”

झाला होता.